जुने लोक शंभर वर्षं जगायचे म्हणता, मग आयुर्मान वाढलं कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय की माझे आजोबा पंच्याण्णव वर्षं जगले, गावात तसे अजून चार-पाच बुढे होते, सगळे ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाणारे, आणि आता माझा एक चुलता अठ्ठेचाळीसला हार्ट अटॅकनं गेला, दुसरा बावन्नला लकव्यानं, मग सरकार म्हणते आयुर्मान वाढलं ते कुठं वाढलं? आणि शेवटी लिहिलंय की मी आता छत्तीसचा आहे, माझं काय समजायचं.

प्रश्न चांगला आहे आणि अर्धा बरोबर पण आहे. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गेली आणि नंतर मृत्यूच्या कारणांच्या सर्वेक्षणाचं काम केलं, म्हणजे घरी माणूस गेला की तेरवी झाल्यावर जाऊन बसायचं, घरच्यांना विचारायचं की काय काय झालं, किती दिवस ताप होता, हात उचलत होता का, दम लागत होता का, आणि त्यावरून कारण ठरवायचं. त्यामुळं लोक कोणत्या वयात आणि कशानं मरतात हे कागदावर पण पाह्यलं आणि घरात बसून पण ऐकलं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी आकडे घेऊ. १९११ ते २१ या दहा वर्षांत भारतात जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य, म्हणजेच आयुर्मान, जेमतेम वीस वर्षांच्या आसपास होतं. वीस. १९४१-५१ मधे ते बत्तीसच्या आसपास आलं. १९७०-७५ मधे देशाचं ४९.७ आणि महाराष्ट्राचं ५३.८, आणि २०१६-२० मधे देशाचं ७०.० आणि महाराष्ट्राचं ७२.९. आता वीस किंवा बत्तीस ऐकलं की लोकांना वाटते तेव्हा माणूस बत्तीसला म्हातारा होऊन मरत होता, तसं अजिबात नाही. आणि तुमचे आजोबा पण खोटे नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ते एका हिशोबात सांगतो, हिशोबापुरतं धरा, कोणत्या गावचा आकडा नाही.

जुन्या काळात गावात दहा लेकरं जन्मली. त्यातली तीन वर्षाच्या आत गेली, एक चार वर्षाचं होऊन गोवरानं गेलं. उरले सहा. ते ६५, ७०, ७०, ७५, ८० आणि एक ९० वर्षांचा होऊन गेला. बेरीज करा, ४५४ येते, भागिले दहा, सरासरी ४५. आता नवीन काळ घ्या. दहाच्या दहा लेकरं जगली, आणि ती गेली ४५, ५२, ५८, ६५, ७०, ७२, ७५, ७८, ८० आणि ८५ व्या वर्षी. नव्वदीपर्यंत एकही पोचला नाही, तिघं तर साठीच्या आत गेले, तरी बेरीज ६८० आणि सरासरी ६८. म्हणजे आयुर्मान तेवीस वर्षांनी वाढलं आणि तुम्ही जे डोळ्यानं पाहता ते पण खरं, की नव्वदीचा बुढा दिसत नाही अन् पन्नाशीच्या आत-बाहेर माणसं जाऊन राह्यली. तुमच्या आजोबांच्या पारावर जे बसलेले होते ते उरलेले सहा होते, बाकीचे चार पारावर कधी आलेच नाहीत, त्यांना कोणी मोजत नाही.

हे चार कुठं दिसतात, तर कोतवाल बुकात. आपल्या वऱ्हाडात आणि जुन्या मध्यप्रांतात कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यात द्यायचा आणि ती लिहिली जायची, आजही जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसीलमधे त्या बुकाच्या नकलेसाठी चकरा मारतात. तुमच्या घरात ती नक्कल काढलेली असेल तर आजोबांच्या नावापुरती पाहू नका, जमलं तर तेच पान पूर्ण वाचा. एका बापाच्या नावावर मुलगा झाल्याची नोंद असते आणि पुढच्या काही पानांत त्याच बापाचा मुलगा मेल्याची, वय महिन्यात लिहिलेलं, नाव पण ठेवलेलं नसते. कारणाच्या जागी बहुतेक ठिकाणी ताप. काहीही झालं की ताप, कारण कोतवालाला तेवढंच कळायचं, मलेरिया असो का न्युमोनिया.

त्यावर साथी यायच्या त्या वेगळ्याच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मागोमाग पडले, ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात तो दुसरा, आणि १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या साधारण २९ लाख होती ती १९०१ मधे साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायची सोडून कमी झाली. मग १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, पावसाळा संपता संपता आली आणि दोन-तीन महिन्यांत देशभर कोटीच्या वर माणसं नेली, आणि आपला मध्यप्रांत-वऱ्हाड देशात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांपैकी एक होता. तो वीस वर्षांचा आकडा या दशकातला आहे. गावच्या शिवेवर मरीमायचं देऊळ असते ना, ते पटकी म्हणजे कॉलराच्या काळात लोकांचा जीव कसा टांगणीला होता त्याची खूण आहे.

ज्वारीबद्दल एक सांगून टाकतो कारण प्रत्येक वेळी हे निघते. ज्वारी चांगलीच आहे, खा. पण ज्या घरात आजोबा ज्वारी खाऊन पंच्याण्णवचे झाले त्याच घरात त्याच ज्वारीवर त्यांची भावंडं हगवणीनं गेली. जे लहानपण पार करून साठीपर्यंत आले ते मुळातच दणकट होते. आणि पंच्याण्णव हा आकडा पण जरा बोटानं दाबून पाहा. जुन्या लोकांच्या जन्मतारखा मास्तरनं शाळेत घालताना अंदाजानं लिहिलेल्या असत, म्हणून तर गावातली अर्धी म्हातारी माणसं १ जूनला नाहीतर १ जुलैला जन्मलेली असतात. सर्वेक्षणात आम्ही म्हाताऱ्यांना वय विचारतच नव्हतो, मानमोडीच्या साली तुम्ही किती मोठे होते, गांधीजी सेवाग्रामला आले तेव्हा लग्न झालं होतं का, असं विचारून काढायचो, आणि नव्वदीचा बुढा पुष्कळदा ऐंशी-ब्याऐंशीचा निघायचा. घरच्यांना ते आवडत नाही. शंभरीचा आजोबा असणं मानाचं असते.

मग वाढलं कशानं. पहिली मोठी उडी स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची आहे आणि ती मोठ्या हॉस्पिटलांनी आणली असं मला वाटत नाही. १९५३ ला मलेरिया नियंत्रण सुरू झालं, डीडीटी फवारणारे गडी घरोघरी भिंती पांढऱ्या करत फिरले, देवीची लस घरोघरी पोचली आणि १९७५ नंतर देवीचा रोगी देशात सापडला नाही, पेनिसिलीन आणि सल्फाच्या गोळ्या तालुक्यापर्यंत आल्या, दुष्काळात रोहयोची कामं आणि रेशन आलं म्हणून १९७२ सारख्या सालीही माणसं १९०० सारखी मेली नाहीत. नंतर धनुर्वाताची सुई गरोदर बाईला द्यायला लागले, हे लोक विसरतात, पण पूर्वी विळ्यानं नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लेकराचा जबडा आवळायचा, दूध ओढायचं बंद आणि खेळ खलास. सटवाई कोपली म्हणायचे. आता धनुर्वातानं लेकरू गेलं असं नवीन डॉक्टरला पाह्यलाच मिळत नाही.

आणि यात गडचिरोलीचं काम सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण ते आपल्या विदर्भातलं आहे आणि साऱ्या जगात शिकवलं जाते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मधे सर्च ही संस्था सुरू केली. त्यांनी त्या भागातल्या गावांत मोजलं तेव्हा १९८८ च्या सुमारास हजार जन्मांमागं १२१ लेकरं वर्षाच्या आत जात होती. आधी त्यांनी न्युमोनियावर काम केलं, मग दिसलं की उरलेले बहुतेक मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात आणि महिन्याच्या आतल्या लेकराला घेऊन बाई घराबाहेर पडतच नाही, तर दवाखाना काढून उपयोग काय. मग ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, लेकराचं वजन करायचं, गरम ठेवायचं, श्वास मोजायचा, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसीनची सुई घरीच द्यायची. दुसरीकडे ४७ गावं नुसती तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कमी शिकलेल्या बाईनं सुई दिलेली चालते का म्हणून तेव्हा पुष्कळ डॉक्टर लोक नाराज होते. आज तुमच्या गावची आशाताई बाळंतीण घरी आल्यावर वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन ठरलेल्या दिवशी येते ना, ती २०११ पासूनची देशभरची योजना याच कामावर उभी आहे, फक्त सुई तिच्या हातात राहू दिली नाही.

बाळंतपणं पण घरातून दवाखान्यात आली. १९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मधे ९४.७ टक्के. त्याचा फायदा बायांना सगळ्यात जास्त. १९७०-७५ मधे देशात बायांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा कमी होतं, ४९.० आणि ५०.५, जे जगात फार कमी ठिकाणी असते कारण निसर्गानं बाई जास्त चिवट आहे, आणि २०१६-२० मधे बाया ७१.४ आणि पुरुष ६८.६. उलटं झालं. आपल्या गावात विधवा बाया इतक्या का दिसतात याचं अर्धं उत्तर इथं आहे, नवरा वयानं पण मोठा असतो आणि वरून तो लवकर जातो.

आता तुमच्या चुलत्यांकडं येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

एक आकडा लक्षात ठेवा. देशात जन्माच्या वेळचं आयुर्मान १९७०-७५ पासून वीस वर्षांनी वाढलं, पण साठीला पोचलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य तेव्हा जवळपास चौदा वर्षं होतं आणि आता अठराच्या आसपास आहे, म्हणजे चारच वर्षांची भर. बाकी सगळी कमाई साठीच्या आतली, आणि त्यातली मोठी कमाई पाच वर्षांच्या आतली. ही कमाई आता जवळपास संपत आली, कारण लेकरं मरायची थांबली तर तिथून अजून किती काढणार. (मेळघाट सोडून, तिथं धारणी-चिखलदऱ्यात अजून पुष्कळ काढायचं आहे, पोट फुगलं की लेकराला भूमकाकडं, म्हणजे गावच्या वैदूकडं, नेऊन पोटावर डंबा, म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका, द्यायचा प्रकार अजून पेपरात येते.) पुढची वाढ जर यायची असेल तर ती तीस ते साठ या वयातूनच येईल, आणि आपला ग्रामीण विदर्भ नेमका तिथं मार खाऊन राह्यला असं माझं मत आहे.

वरच्या हिशोबातले ते तिघं पाहा, ४५, ५२ आणि ५८ वाले. त्या तिघांना फक्त सत्तरीपर्यंत नेलं तर सरासरी ६८ वरून साडेत्र्याहत्तर होते. आणि शेवटचा जो ८५ चा आहे त्याला आयसीयूत ठेवून ओढूनताणून ९५ चा केला तर सरासरी वाढते एक वर्ष. पैसा कुठं लावायचा हे यावरून कळावं, पण कळत नाही.

ते तिघं कशानं जातात? एक तर बीपी. गडचिरोलीतच ८६ गावांत घरोघरी जाऊन मृत्यूची कारणं काढली होती, २०१५ ला प्रसिद्ध झालं, तर सगळ्यात मोठं कारण निघालं लकवा, दर सात मृत्यूंमागं एक, १४.३ टक्के. मलेरिया नाही, टीबी नाही, लकवा, आणि तो पण गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात जिथं लोकांना वाटते की आदिवासी भागात फक्त मलेरिया आणि साप. त्यातले बहुतेक घरीच गेले. मी ज्या घरांत बसलो तिथली गोष्ट जवळपास ठरलेली असायची, कधी तरी कॅम्पमधे बीपी वाढलेली सांगितली होती, महिनाभर गोळी खाल्ली, मग बरं वाटलं म्हणून बंद केली, "मले तं काहीच तरास नोता साहेब, कायले खाऊ रोज गोळी." गोळी पीएचसीत फुकट मिळते. पण बीपीनं दुखत नाही, अन् जे दुखत नाही त्याच्यासाठी मजुरी बुडवून कोणी पंधरा किलोमीटर जात नाही, हे पण समजून घ्या, नुसता लोकांना दोष देऊन होत नाही. उपकेंद्रातच महिन्याच्या गोळ्या मिळाल्या तर लोक घेतात, मी पाह्यलं आहे, आणि पुरवठा दोन महिने तुटला की ते सगळे सुटतात, परत येत नाहीत.

दुसरा खर्रा. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना कळत नाही आम्ही काय म्हणतो ते, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. चंद्रपूर-गडचिरोली-नागपूरकडं शाळेच्या पोरांपासून ते बाळंतिणीपर्यंत. तोंड उघडत नाही असा तिशीचा गडी दवाखान्यात येणं ही आता बातमी राहिली नाही, आणि तोंडाचा कॅन्सर जो येतो तो बहुतेक वेळा एवढा पुढं गेलेला असतो की नागपूरला नेऊन शेत विकायचं आणि वर्षभरात माणूस पण जायचा. त्यात भंडारा-गोंदियाकडं बिडीचा धंदा. दारू तर वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून बंद, गडचिरोलीत १९९३ पासून बंद, चंद्रपुरात २०१५ ला बंद केली आणि २०२१ ला परत उघडली, पण दारूबंदीवर लिहायला बसलो तर हे उत्तर संपणार नाही.

तिसरं, ज्याच्यामुळं विदर्भाचं नाव देशभर झालं, शेतकरी आत्महत्या. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, वर्धा. यावर शेतीवाले, अर्थशास्त्रवाले खूप लिहितात, मी फक्त आयुर्मानाच्या बाजूनं सांगतो. पस्तिशीचा माणूस गेला की बेरजेतून पस्तीस-चाळीस वर्षं एकदम जातात, सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या मृत्यूसारखं ते नसते, त्यामुळं आकडा एकूण मृत्यूंत लहान दिसला तरी नुकसान मोठं. आणि कर्ज, नापिकी हे सगळं खरं, पण घरात बाजंखाली फवारणीचं औषध पडून असणं हे पण तेवढंच खरं, रागाच्या किंवा निराशेच्या एका घटकेत हात तिथं जातो आणि नंतर वाचवायला वेळ मिळत नाही. ती औषधं घराबाहेर कुलपात ठेवायला लावणं हे मला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त कामाचं वाटते. २०१७ ला यवतमाळमधे तर नुसत्या फवारणीनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, त्यांना तर जगायचं होतं. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, ऊन, आणि तोंडाला दुपट्टा बांधला की झालं.

बाकी साप आहे, धानाच्या पट्ट्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते आणि सकाळी घरच्यांना वाटते पोट दुखत होतं. पूर्वेकडं सिकलसेल आहे. अकोला-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात किडनीचे रोगी आहेत, लोक त्याचा संबंध खाऱ्या पाण्याशी जोडतात. अपघात तर सगळीकडं, हेल्मेटशिवाय.

तुम्ही म्हणाल विदर्भाचा वेगळा आकडा द्या ना. तो नाही. हे जे १९७० नंतरचे आयुर्मानाचे आकडे मी दिले ते नमुना नोंदणीचे, काही ठरलेल्या गावांत एक माणूस वर्षभर जन्ममृत्यू लिहितो, दर सहा महिन्यांनी दुसरा येऊन स्वतंत्र मोजतो आणि मग दोघांचं जुळवतात, पद्धत चांगली आहे, पण नमुना राज्यापुरता पुरतो, जिल्ह्याला पुरत नाही. म्हणून व्हॉट्सअपवर कोणी गडचिरोलीचं आयुर्मान इतकं आणि पुण्याचं तितकं असं दशांशात टाकलं तर विचारा कुठून आणलं. महाराष्ट्राचा ७२.९ हा मुंबई-पुणे-नागपूर आणि गडचिरोलीतलं भामरागड सगळं मिसळून आहे. गाव-शहराचा फरक देशाच्या आकड्यात दिसते, १९७०-७५ मधे ग्रामीण ४८.० आणि शहरी ५८.९, २०१४-१८ मधे ६८.० आणि ७२.६, म्हणजे अंतर अर्ध्याहून कमी झालं पण आहे.

तुम्हाला आपल्या गावचं पाहायचं असेल तर ग्रामसेवकाकडं जन्ममृत्यूचं रजिस्टर असते, त्याला सांगून मागच्या दहा वर्षांतले मृत्यू वहीवर उतरवा, पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, आणि साठीच्या आतल्यांवर खूण करा. गाव लहान असल्यावर त्यातून आयुर्मान काढता येत नाही, त्या नादी लागू नका, पण पुरुषांच्या बाजूला खुणा जास्त दिसतील याची मला बरीच खात्री आहे. कारणाचा रकाना वाचू नका, तिथं अर्ध्याहून जास्त ठिकाणी हार्ट अटॅक नाहीतर वृद्धापकाळ लिहिलेलं असते, कोतवालाच्या तापासारखंच.

आणि तुमच्या छत्तीस वर्षांचं. ७२.९ मधून छत्तीस वजा करून इतकीच वर्षं उरली असं काढू नका, तो आकडा आज जन्मलेल्या लेकराचा आहे आणि तुम्ही लहानपणाची, तरुणपणाची जोखीम ओलांडून आलेले आहात, त्यामुळं तुमच्या वयाच्या माणसाची सरासरी त्याच्यापेक्षा वरच असते. पण दोन सख्खे चुलते, एक अठ्ठेचाळीसला हृदयानं आणि एक बावन्नला लकव्यानं, हे वाचल्यावर मला आयुर्मानाचा तक्ता आठवला नाही, तुमची बीपी आठवली. आजोबांचं वय, ज्वारी, अंबाडी सगळं लिहिलं तुम्ही, तुमची बीपी किती ते कुठंच लिहिलं नाही, आणि वडिलांचं पण काही सांगितलं नाही. सिस्टर उपकेंद्रात असते त्या दिवशी सकाळी दोघं बापलेक जा, बीपी आणि शुगर मोजून घ्या, वरचा आकडा १४० च्या पुढं किंवा खालचा ९० च्या पुढं आला तर आठ दिवसांनी परत मोजा, तेव्हाही तसाच आला तर पीएचसीच्या डॉक्टरला दाखवून गोळी चालू करा आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका. खर्रा खाता का ते पण लिहा.